पहिलं विमान पडणारच, ते असं निवडा

साखळीहून एका ताईंनी विचारलं आहे: "मुलगा नववीत आहे. चतुर्थीला आजोळहून मिळालेले आणि आम्ही घातलेले मिळून १५,००० रुपये जमलेत. त्याला रिमोटवर उडणारं विमान हवं आहे, तेही मिग. वास्कोला मामाकडे गेला असताना दोन मिग डोक्यावरून जाताना बघितली, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही त्याला. तयार विमान घ्यावं की जोडायचा किट? घरात यातलं कुणाला काही कळत नाही. पैसे वाया जाऊ नयेत एवढीच इच्छा."

ताई, मिग नको. मुलाला वाईट वाटेल, पण आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. पहिलं विमान पडतंच. मुलगा कितीही हुशार असो, पहिल्या दहा उड्डाणांत तीन-चार वेळा तरी ते जमिनीत नाक खुपसणार. म्हणून पहिलं विमान निवडताना मी एकच गोष्ट बघतो: सकाळी पडलेलं विमान संध्याकाळपर्यंत घरच्या टेबलावर, घरातल्या सामानाने, त्या मुलाच्याच हातून दुरुस्त होईल का? होणार असेल तर घ्या. होणार नसेल तर ते कितीही देखणं असलं तरी दुसरं किंवा तिसरं विमान म्हणून घ्या.

हे मी इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. माझं पहिलं विमान बाल्साच्या लाकडाचं होतं, पंख खाली असलेलं, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानासारखं. चार महिने रात्री बसून एकेक फासळी चिकटवली, वर पातळ कागद ताणून बसवला. उडवायला गेलो तेव्हा सोबत शिकवणारं कुणी नव्हतं. हातातून सुटलं, डावीकडे कललं, घाबरून मी रिमोटवरची काठी मागे ओढली आणि ते शेताच्या बांधावर आदळलं. पंखाच्या अकरा फासळ्या मोडल्या होत्या; तिथेच बसून मी मोजल्या. ते पुन्हा बांधायला घ्यायला मला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं मला अजून सलतात. तुमच्या मुलाच्या वयात तेवढ्या काळात छंद कायमचा सुटतो.

मिग का नको, हे त्याला नुसतं सांगू नका, दाखवा. एखाद्या सुट्टीत त्याला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात न्या. तिथे सी हॅरियर हे लढाऊ जेट उभं आहे आणि जवळच सुपर कॉन्स्टेलेशन हे लांब पल्ल्याचं जुनं विमान. हॅरियरचे पंख किती आखूड, आणि कॉन्स्टेलेशनचे किती लांब, ते त्याला उभं राहून बघू दे. वजन जास्त आणि पंख लहान असेल तर हवेत टिकायला सतत वेग लागतो. वेग कमी झाला की पंखावरून हवा नीट वाहत नाही, उचल संपते आणि विमान कोसळतं; याला स्टॉल म्हणतात. मिगसारख्या जेटच्या मॉडेलमध्ये धडाच्या आत पंखा बसवलेला असतो. तो बॅटरी तीन-चार मिनिटांत पिऊन टाकतो आणि कमी वेगात त्याची ओढही कमी पडते. नवशिक्याला विचार करायला हवी असते सवड, आणि जेट नेमकी तीच देत नाही. दाबोळी विमानतळावरून मिग उडतात तशी नौदलाची आणि तटरक्षक दलाची टेहळणीची डॉर्नियरही उडतात. पंख धडाच्या वर, सरळ आणि लांब. पहिलं विमान त्या वळणाचं हवं.

हा हिशेब घरी करता येतो. पंखाची लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार करायचा. समजा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२० सेंटिमीटर आणि रुंदी २० सेंटिमीटर, तर क्षेत्रफळ २,४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन ८०० ग्रॅम असेल तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर साधारण ३३ ग्रॅम भार आला. एवढ्या मापाच्या विमानाला हा भार ३५ च्या आत असेल तर ते शांत उडतं, सावकाश उतरतं. ५०-६० च्या पुढे गेला तर ते शिकाऊ मुलाच्या हाती देऊ नका. विकणारा वजन सांगतो तेव्हा ते बॅटरीसह की बॅटरीशिवाय, हे विचारून घ्या. २,२०० एमएएचची तीन सेलची बॅटरी एकटीच १८० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे सगळा हिशेब बदलतो.

आकाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चित्र बघून निवडताना हेच उपयोगी पडेल. पंख धडाच्या वर हवा. समोरून बघितलं तर पंखाची दोन्ही टोकं किंचित वर उचललेली हवीत, इंग्रजी व्ही फार पसरून काढावा तशी. याला डायहेड्रल म्हणतात. विमान एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरू लागतं. घसरताना खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते, तो जास्त उचल देतो आणि विमान आपोआप सरळ होऊ बघतं. मुलगा गोंधळला आणि त्याने काठी सोडून दिली तरी पुरेशी उंची असेल तर असं विमान स्वतःला सावरतं. पंखाचा आडवा छेदही बघा: वरून फुगीर आणि खालून जवळजवळ सपाट असलेला पंख कमी वेगात छान उचल देतो.

मग चॅनेल किती, म्हणजे रिमोटवरून किती गोष्टी वेगवेगळ्या हलवता येतात, हा प्रश्न येतो. मोटरचा वेग, नाक वर-खाली करणारं इलेव्हेटर आणि डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं रडर एवढंच असेल तर तीन चॅनेल. पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती पाती म्हणजे एलेरॉन, ती धरली तर चार. डायहेड्रल चांगलं असेल तर तीन चॅनेलचं विमान नुसत्या रडरवर सुरेख वळतं, आणि बिघडण्यासारखे भागही कमी. एकट्याने शिकणाऱ्या मुलाला मी तीन चॅनेल सुचवतो. शिकवणारा शेजारी उभा असेल तर सरळ चार घ्या. पुढे सगळीकडे तेच वापरायचं आहे. खेळण्याच्या दुकानात खोक्यात मिळतात त्यांत बहुतेक वेळा दोन मोटरी असतात आणि त्या कमी-जास्त फिरवून वळण घेतात, इलेव्हेटर नसतंच. त्यावर मूल काही शिकत नाही. खोक्यावर कितीही मोठं विमान छापलेलं असो, "इलेव्हेटर आहे का?" हे विचारा.

आता कशाचं बनवलेलं घ्यावं? माझं सगळ्यात जास्त म्हणणं इथे आहे.

बाल्सा हे फार सुंदर लाकूड. हलकं, ताठ, आणि त्याचं विमान उडताना वेगळंच दिसतं. पण आपल्या हवेत कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं बाल्साचं पंख एका पावसाळ्यात पीळ धरतं, आणि पडलं की दुरुस्तीला रात्री जातात. ते तिसऱ्या विमानासाठी ठेवा. सनपॅकचे, म्हणजे जाहिरातीच्या फलकांना वापरतात त्या पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याचे किट आपल्याकडे मिळतात. चिवट असतात, पावसाला भीत नाहीत, पण जड. जड विमान वेगात उडतं आणि वेगात पडतं. साइनबोर्डवाल्याकडचा पीव्हीसीचा जाड पांढरा पत्रा, ज्याला सनबोर्ड म्हणतात, तो तर विमानाला अजिबात वापरू नका. हाताला हलका वाटतो, पण अख्खं विमान कापून झालं की वजन अंगावर येतं.

उरतात दोन. एक, दोन्ही बाजूंनी कागद लावलेला फोमबोर्ड. दुसरा, साच्यात ओतलेला ईपीओ नावाचा फोम, जो थर्मोकोलसारखा दिसतो पण लवचिक असतो. ईपीओची एक गंमत मुलांना फार आवडते. नाक चेपलं, सुरकुतलं, की चेपलेल्या जागी उकळतं पाणी सावकाश ओतायचं. आतले दाणे फुगतात आणि दोन मिनिटांत नाक बरंचसं पहिल्यासारखं होतं. हे काम मोठ्या माणसाने करायचं, आधी आतली मोटर आणि तारा काढून. तडा गेला तर ईपीओला साधा फेविक्विक चालतो. साध्या थर्मोकोलला मात्र तोच फेविक्विक खातो, डोळ्यांदेखत भोक पडतं, म्हणून कापलेल्या तुकड्यावर एक थेंब टाकून बघितल्याशिवाय कुठलाही गोंद विमानाला लावू नये. फोमबोर्डला गरम गोंदाची बंदूक आणि बांबूच्या दोन काड्या पुरतात. फक्त त्याचा कागद ओलावा धरतो, दंव पडलेल्या गवतावर चार वेळा उतरलं की खालून सुटू लागतो. पोटाला आधीच रुंद पारदर्शक टेप लावून घ्यायची.

तयार की किट, हा तुमचा मूळ प्रश्न. बाजारात आरटीएफ म्हणजे रेडिओसकट (हातातल्या रिमोटला आम्ही रेडिओ म्हणतो) सगळं तयार. पीएनपी म्हणजे मोटर आणि सर्व्हो (रडर, इलेव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बसवलेले, पण रेडिओ आणि बहुधा बॅटरी तुमची. एआरएफ म्हणजे सांगाडा बराचसा तयार, बाकी आपण बसवायचं. आणि किट म्हणजे कापलेले तुकडे. तुमच्या पत्रात एक वाक्य होतं की तो वाड्यावरच्या पोरांबरोबर दरवर्षी नरकासुराचा पुतळा बांधतो, आकाशकंदील स्वतः करतो. ताई, मग प्रश्नच मिटला. ज्याला बांबूच्या कामट्या वाकवून चौकट सरळ ठेवता येते आणि कागद सुरकुती न पडता चिकटवता येतो, त्याच्या हातात विमान बांधायचं निम्मं कसब आहेच. त्याला मशीनवर कापलेल्या फोमबोर्डचा किट द्या, वरचा पंख, १०० ते १२० सेंटिमीटर. दोन-तीन संध्याकाळी लागतील. स्वतः बांधलेलं विमान पडलं की मुलाला कुठे काय तुटलं ते बघताक्षणी कळतं. तयार विमानाच्या पोटात काय आहे हे त्याला पडल्यावर पहिल्यांदा दिसतं.

हाताने काही करायची आवड नसलेलं मूल असतं तर मी ईपीओचं तयार विमान सांगितलं असतं. मल्टिप्लेक्स कंपनीचं ईझीस्टार आणि त्याच वळणाचं बिक्सलर ही जगभर नवशिक्यांनी वापरलेली विमानं: पंखा मागे, पंखाच्या वर बसवलेला, त्यामुळे नाकावर पडलं तरी पंखा वाचतो. हॉबीझोनचं एरोस्काउट हे तसंच मागे पंखा असलेलं, साधारण ११० सेंटिमीटरचं, आत तोल सावरणारी यंत्रणा असलेलं. विमानं उत्तम आहेत, पण इथे सुटे भाग मिळण्याची खात्री करूनच घ्या. आणि परदेशी संकेतस्थळावरून परस्पर मागवू नका: ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्राची बंदी आहे, आणि कस्टमच्या टेबलावर विमान आणि ड्रोन यांतला फरक समजावत बसायची वेळ येऊ शकते. भारतातल्या विक्रेत्याकडून, बिलासह घ्या.

किटमध्ये दोन बारीक गोष्टी बघायला विसरू नका. पंख धडाला स्क्रूने बसतो की रबरबँडने? रबरबँडचा घ्या. आदळलं की रबर निसटतात, पंख बाजूला होतो, धड वाचतं. स्क्रूने आवळलेला पंख आदळताना धडाचा तुकडा घेऊन जातो. दर वेळी सहा-आठ रबर लावायचे आणि उन्हाने तडकलेले त्याच दिवशी फेकायचे. दुसरं, पंखा नाकावर असेल तर तो रबरी कडीने धरलेला असावा, म्हणजे जमिनीला लागताच पंखा सुटतो आणि मोटरचा दांडा वाकत नाही. चाकांचा हट्ट सोडा. आपल्या शेतातल्या धसकटांत आणि सड्यावरच्या जांभ्यावर चाकं अडकतात आणि विमान उलटं होतं. हाताने फेकायचं, गवतावर पोटावर उतरवायचं.

पैशाचं. १५,००० तला साधारण तिसरा हिस्सा रेडिओला ठेवा आणि तिथे काटकसर करू नका. विमानं येतील-जातील, रेडिओ पाच-सात वर्षं राहील. २.४ गिगाहर्ट्झचा, सहा चॅनेलचा, मोड २ चा घ्या, म्हणजे मोटरचा वेग डाव्या काठीवर. आपल्याकडे बहुतेक सगळे तोच वापरतात, त्यामुळे शिकवणाराही मिळतो. फ्लायस्कायचा एफएस-आय६ या किमतीत बसतो, आणि त्याला दुसरा रेडिओ तारेने जोडून शिकवता येतं. मोटर २२१२ मापाची, १,००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला तेवढे फेरे), सोबत मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी आणि १० इंची पंखा: तीन सेलच्या बॅटरीवर ही जोडी सात-आठशे ग्रॅम ओढ देते, म्हणजे ८०० ग्रॅमच्या विमानाला भरपूर. ९ ग्रॅमचे सर्व्हो लागतात त्यापेक्षा एक जास्त घ्या, पंखे पाच-सहा जादा घ्या. रेडिओ, मोटर, बॅटरी पुढच्या विमानात जसेच्या तसे जातात. किटची किंमत या सगळ्यात सर्वांत कमी असते. बॅटरीचं पार्सल विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने येतं, म्हणून ती आधी मागवा.

बॅटरीबद्दल घरातल्या मोठ्यांनी कडक राहावं. लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि ३.५ च्या खाली उतरू द्यायचा नाही. आठवडाभर उडवायचं नसेल तर ३.८ वर ठेवायची. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवली की फुगते. फुगलेली पुन्हा चार्ज करायची नाही. चार्जिंग नेहमी कुणीतरी जागं आणि समोर असताना, सेल समतोल भरणाऱ्या चार्जरवरच. मी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, चिऱ्यावर मातीचं मडकं ठेवतो, त्यात बॅटरी, आणि बाजूला वाळूची बादली. गादीवर, सोफ्यावर, लाकडी कपाटात कधीच नाही. दुपारी बंद गाडीतही ठेवू नये.

आता कुठे आणि कधी. साखळीला तुम्ही भाग्यवान आहात. दाबोळी आणि मोपा, दोन्ही विमानतळांपासून तुम्ही १२ किलोमीटरच्या पुष्कळ बाहेर आहात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, ८ ते १२ च्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत मोकळीक असते आणि त्याबाहेरच्या हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत. म्हणून वास्कोच्या मामाकडे विमान घेऊन जायचं नाही, एवढं मुलाला आजच सांगा. सरकारचा ऑनलाइन नकाशा उघडून तुमची जागा तांबड्या पट्ट्यात नाही ना, हेही दर वेळी बघा, कारण तो बदलतो. शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोच्या आतल्या विमानाला नियमांत मॉडेल म्हटलं आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीला मिळणारं सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र, लागत नाही. दोन किलोच्या आतलं, धंद्यासाठी नसलेलं विमान उडवायला रिमोट पायलटचा परवानाही लागत नाही. ६० मीटरच्या वर मुलाला पहिलं वर्षभर जायची गरजच नाही, तेवढ्या उंचीवर विमान कुठल्या बाजूला कललंय ते नवशिक्याला ओळखणं कठीण जातं.

सरदाचं, म्हणजे पावसाळी भात कापून झालं की वाळवंटी नदीच्या बाजूची शेतं मोकळी होतात. कुणाचंही शेत असो, आधी विचारा: जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची असली तरी कसणाऱ्या कुळाला, आणि वाड्याच्या पंचालाही कानावर घाला. वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची लावणी झाली की तिथे पाऊल टाकायचं नाही. जागेच्या एका बाजूला तरी दोनशे मीटर मोकळं हवं, वर विजेच्या तारा नकोत, आणि कुळागराकडे, म्हणजे माड-पोफळींच्या बागेकडे पाठ करून उभं राहायचं. पोफळींत शिरलेलं विमान वरून दिसत नाही आणि खालून सापडत नाही. माडावर अडकलं तर काठ्या-दगड मारू नका, नारळ पाडणाऱ्या पाडेलीला बोलवा. तो नेहमीची मजुरी घेऊन अलगद उतरवून देतो. विजेच्या तारेवर अडकलं तर त्याला हात लावायचा नाही, वीज खात्याला कळवायचं. समुद्रकिनारा मोठा आणि मोकळा दिसतो, पण नवशिक्यासाठी वाईट: बारीक वाळू मोटरमध्ये शिरते, एकदा खारं पाणी लागलं की इलेक्ट्रॉनिक्स गेलं, आणि माणसांवरून विमान उडवायचं नसतं.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात. तुमचा मुलगा ते आता हातावर अनुभवेल. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे अगदी मंद वारा असतो, नऊच्या सुमारास तो थांबतो, आणि अकरानंतर समुद्राकडचा वारा चढू लागतो. दुपारी तो शिकाऊ विमानाला उचलून नेतो. म्हणून साडेसहा ते नऊ हीच वेळ. माडाच्या झावळ्या सळसळत असतील तर विमान खोक्यातून काढायचं नाही. घारी जवळ येऊन घिरट्या घालू लागल्या तर उतरवून घ्या, त्या कधी झडपही घालतात.

आत्ता पाऊस आहे, उडवता येणार नाही, आणि ते चांगलंच आहे. किट घाई न करता बांधायला दोन आठवडे द्या आणि उरलेला वेळ सिम्युलेटरवर. पिकासिम फुकट आहे; खरा रेडिओ तारेने संगणकाला जोडून खेळायचं, कीबोर्डवर नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं, महिनाभर. सगळ्यांना अडतं ते एकच: विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं होतं. एक साधी युक्ती: जो पंख खाली गेला आहे, काठी त्याच बाजूला द्यायची, जणू काठीने त्या पंखाला टेकू लावतोय. हे बोटांत उतरलं की निम्मे अपघात टळतात.

विमान तयार झालं की तोल बघायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पंखाला ५ ते ६ सेंटिमीटर मागे, दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा. दोन तर्जन्यांवर त्या खुणांशी विमान उचला, बॅटरी बसवूनच. नाक किंचित खाली झुकायला हवं. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. शेपूट जड असलेलं विमान हातातून सुटताच नाक वर करतं, थांबतं आणि पडतं. तिथे अनुभवी माणसाच्या हातूनही काही होत नाही.

आणि शेवटची तपासणी, जी मी चुकवली होती. फोंड्याकडच्या एका मुलाचं पहिलं विमान. त्याने मन लावून बांधलेलं, मी वरवर बघून "फेक" म्हटलं. एलेरॉन उलटी जोडलेली होती. विमान उजवीकडे कललं, त्याने बरोबर डावीकडे काठी दिली, ते आणखी उजवीकडे कललं, त्याने आणखी दिली. चार सेकंद. त्या मुलाने काहीही चुकीचं केलं नव्हतं, चूक माझी होती, आणि त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी विमानाच्या मागे उभा राहून प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हणवून घेतो: काठी उजवीकडे, उजवं एलेरॉन वर, काठी मागे, इलेव्हेटर वर, रडर उजवीकडे, मागची कडा उजवीकडे. मोटर बंद असताना, पंख्यापासून हात लांब ठेवून. दर सकाळी, पहिल्या उड्डाणाआधी.

मग मोटर न लावता गवतावर खांद्याच्या उंचीवरून सरळ, सपाट फेकून बघा, नाक वर न करता. दहा-पंधरा मीटर तरंगत जाऊन पोटावर टेकलं तर ते उडणार. शाळेत एनसीसीची एअर विंग असेल तर चौकशी करा, त्यांच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंग असतं आणि शिकवणारं माणूस सापडतं. नाहीतर भातकापणी झाल्यावर एखाद्या रविवारी साडेसहाला त्याला आमच्या मैदानावर घेऊन या, त्याच्या विमानासह. माझा रेडिओ त्याच्या रेडिओला तारेने जोडू. गडबडला तर मी विमान माझ्याकडे घेईन, वर नेईन आणि पुन्हा त्याच्या हातात देईन. जादा रबरबँड आणि दोन पंखे मात्र आणा.